कुणी ठरवलं?

प्रिय मुली,

परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठीचा तुझा एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारा निबंध, काल रात्री दोनदा वाचला. पहिला परिच्छेद खोडून टाक. ‘लहानपणापासून मला जागतिक प्रश्नांची ओढ होती’ हे वाक्य निवड करणाऱ्यांनी यंदाच कितीदा तरी वाचलं असेल, आणि ते कुणाच्याच बाबतीत खरं नसतं. लहानपणी आपल्याला ओढ होती ती बोरांची.

तुझा खरा एसओपी चौथ्या परिच्छेदात दडलाय. ८ डिसेंबर २०२३. बाबांनी पहाटे ट्रॉली भरली, तू सोबत गेलीस, आणि लासलगावात लिलाव बंद. निर्यातबंदी झाली, एवढंच कुणीतरी सांगितलं. लाल कांदा तो, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून भावाची वाट बघावी असा नव्हे. हे सगळं तू तीन ओळींत उरकलंस आणि लगेच शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांकडे वळलीस. का गं?

त्या तीन ओळींचं काय करता येतं ते बघ. तू लिहिलंयस, ‘निर्यातबंदी करण्यात आली.’ मी हेच शिकत होते तेव्हा माझ्या पहिल्या निबंधात अशी वाक्यं ओळीने होती. ठरवण्यात आले, राबवण्यात आले, मान्य करण्यात आले. आमच्या बाईंनी प्रत्येकापुढे समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: कुणी? निबंध पास झाला, पण जेमतेम. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, फी वसूल झाली ती त्या एका शब्दात.

तर, कुणी? केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने. आदल्या दिवशी, ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली: कांद्याचं निर्यात धोरण ‘मुक्त’ होतं ते ‘प्रतिबंधित’, ३१ मार्च २०२४ पर्यंत. अधिकार कुठून आला? १९९२च्या विदेश व्यापार कायद्यातून. आणि जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य असलेल्या देशाला असं करता येतं का? गॅट कराराचं, म्हणजे या संघटनेच्या वस्तुव्यापाराच्या मूळ कराराचं, कलम ११ उघडून बघ. निर्यातीवर बंदी घालायची नाही, हा तिथला नियम. पण त्याच कलमात पळवाट आहे, म्हणजे वकिली भाषेत अपवाद: अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळायला तात्पुरती बंदी चालते. आता ‘गंभीर’ म्हणजे किती आणि ‘तात्पुरती’ म्हणजे कुठवर? या दोन शब्दांवर जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, चांगलीच वकिली झाली आहे. चीनने बॉक्साइटसारख्या कच्च्या मालाची निर्यात रोखली तेव्हा अमेरिका, युरोपीय संघ आणि मेक्सिकोने दावा लावला. २०१२मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने निकाल देताना या शब्दांची फोड केली. आपली बंदी मात्र ३१ मार्चला संपायच्या आतच ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढली आणि ४ मे २०२४ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मेला होतं. या दोन तारखांचा संबंध गावातला प्रत्येक माणूस पारावर बसून लावतो. तो संबंध पुराव्यानिशी दाखवता येतो का, की नुसता जवळ दिसतो, हे तपासायची शिस्त या शिक्षणात मिळते. मिळायला हवी, असं म्हणू.

आणखी एक. याच संघटनेच्या शेतीविषयक करारात कलम १२ आहे. अन्नपदार्थाची निर्यात रोखण्याआधी आयात करणाऱ्या देशांचा विचार करा आणि शक्य तेवढी आगाऊ लेखी सूचना द्या, असं ते सांगतं. विकसनशील देशांना यातून सूट आहे. पण त्याच पदार्थाचा जो देश निव्वळ निर्यातदार असेल, त्याला नाही. कांद्यात आपण कोण आहोत ते तुला मी सांगायला नको. २०१९च्या सप्टेंबरात आपण अशीच बंदी घातली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांसमोर हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगितलंय, आता जेवणात कांदा बंद कर. आधी थोडं कळवलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या. सभागृह हसलं. त्या हसत हसत कलम १२च बोलत होत्या.

म्हणजे लासलगावचा शेतकरी आणि ढाक्यातली गृहिणी एकाच कागदाने एकाच सकाळी अडचणीत येतात, आणि मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाईकाला त्याच कागदाने दिलासा मिळतो. तू तुझी बाजू धरून लिहितेस, ते स्वाभाविक आहे. पण अर्जात त्या गिऱ्हाईकालाही एक प्रामाणिक वाक्य दे. त्याची बाजू मांडता येत नसेल तर हे शिक्षण तुला नुसता राग आणखी चांगल्या इंग्रजीत मांडायला शिकवेल.

कोर्सबद्दल थोडक्यात. रँकिंगची यादी बाजूला ठेव आणि विषयांची यादी उघड. संख्याशास्त्र सक्तीचं आहे का? व्यापार कायदा घेता येतो का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी वाटाघाटींच्या खोलीत बसलंय का? ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची. सप्टेंबरात पोचतेस, थंडीची सवय होईपर्यंत प्रबंधाचा विषय द्यायची वेळ येते. जिनिव्हाच्या ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमधली त्याहून लांब, आणि व्यापार संघटनेची इमारत तिथल्याच तळ्याकाठी, चालत जाण्याच्या अंतरावर. तुझ्या प्रश्नाला दुसरं जास्त मानवेल असं मला वाटतं. खर्चाचं गणित वेगळं, ते फोनवर बोलू. बाबांनी जमीन गहाण ठेवायचा विषय काढला तर मात्र आधी मला फोन लावून दे.

आता तुला न आवडणारं सांगते. यंदा जाऊ नकोस. ब्रिटनला जायचं ठरलं, तर तिथल्या सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, साधारण दोन वर्षांचा, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तुला ही अट वाटते, मला सोय वाटते. अनुभवाची ही दोन वर्षं एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत काढ, किंवा निर्यातदाराच्या ऑफिसात. कंटेनर बंदरात अडकल्यावर कोण कुणाला फोन करतं, लेटर ऑफ क्रेडिटचं, म्हणजे पैशांच्या बँकहमीचं, काय होतं, कस्टममध्ये ‘बंदीआधीचा माल’ कसा सिद्ध करतात, हे वर्गात कुणी शिकवत नाही. आणि वर्गात ज्याला हे माहीत असतं त्याच्याकडे सगळे वळून बघतात. माझ्या वर्गात तसा घानाचा एक मुलगा होता, कोकोच्या खरेदीचं काम केलेला. सिद्धान्तात तो माझ्याहून कच्चा होता, पण त्याने हात वर केला की बाई खुर्चीत पुढे सरकायच्या.

दुसरा खर्डा पंधरा दिवसांत पाठव. सुरुवात ट्रॉलीपासून. आणि बाबांकडे त्या डिसेंबरच्या, आधीच्या नोव्हेंबरच्या हिशेबपट्ट्या असतील, आईने त्या गव्हाच्या कोठीमागच्या पिशवीत कोंबल्या असतील. एकही फेकू देऊ नकोस. फोटो काढ, तारखेप्रमाणे लाव आणि मला पाठव.

तुझी,
ताई