‘मौजे अमुक, बेचिराख’ म्हणजे काय?

इंदूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: आजोबांच्या जुन्या महसुली कागदात गावाच्या नावापुढे ‘बेचिराख’ लिहिलंय. गाव कधी जळलं होतं का? आणि जळलं, तर जनगणनेच्या यादीत त्याचं नाव अजून कसं?

शब्दावरून तरी जळल्याचं कळत नाही. फारसी ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात तिन्हीसांजेला एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. त्यातला ‘ख’ राखेवरून आला असंही नाही. जुन्या मराठीत दिव्यालाच ‘चिराख’ म्हणत, दिवा ठेवायचं ते ‘चिराखदान’. पण कानाला राख ऐकू येते, म्हणून ‘जाळून बेचिराख केलं’ हा अर्थ रुळला. तो आता चूक ठरवण्यात अर्थ नाही. महसुली कागदात मात्र जुनाच अर्थ घ्यायचा: वस्ती नसलेला मौजा. आपल्याकडच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या, हिंदी कागदांत त्यालाच ‘वीरान ग्राम’ म्हणतात. या हिशेबाने धरणाच्या पाण्यात गेलेलं गावसुद्धा बेचिराखच!

यादीतल्या नावाचं कोडं ‘गाव’ या शब्दात आहे. ‘अख्खं गाव लोटलं’ म्हणतो तेव्हा गाव म्हणजे माणसं. जनगणनेचं गाव म्हणजे सहसा महसुली मौजा, ठरलेल्या शिवेच्या आतली जमीन. माणसं 0 झाली तरी शीव हलत नाही, क्षेत्रफळ उरतं, आणि 2011 च्या जनगणनेत दिलेला सहा अंकी कोडही. त्या वेळी देशातल्या सुमारे 6.40 लाख गावांपैकी 43 हजारांवर गावं अशी निर्जन होती. उलट एखादा मजरा (मूळ गावाची वाडी) शंभर घरांचा असला, तरी स्वतंत्र मौजा नसेल तर त्याची माणसं मूळ गावात धरतात.

आकडे जुळवताना घोटाळा होतो तो इथेच. लोकसंख्येच्या रकान्यात 0 दिसला की लोक ती ओळ उडवतात. मग तहसिलीच्या क्षेत्रफळाची बेरीज कमी भरते आणि घनता फुगते. नावावरून जुळवणं त्याहून वाईट: खुर्द आणि बुजुर्ग (महाराष्ट्रातलं ‘बुद्रुक’ त्याचंच रूप) ही शेपटं एका यादीत असतात, दुसरीत गळतात, आणि दोन गावांचं एक होऊन बसतं. कोडवरूनच जुळवा. तुमचा मौजा जिल्हा जनगणना पुस्तिकेत तहसीलवार ग्रामसूचीत सापडेल. निर्जन गावांची नावंही तिथे असतात.