कॅन्सरच्या पेशी चालतात का?

प्रश्न: आत्याला सहा वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन, केमो सगळं झालं, बरी होती. आता मणक्यात गाठ निघालीय आणि डॉक्टर म्हणतात हा तोच जुना कॅन्सर. छातीतला कॅन्सर हाडात जातो कसा? रक्तातून वाहत जातो की पेशी खरंच चालतात?

उत्तर: दोन्ही, पण आधी चालतात. आपल्या निरोगी पेशींनाही चालता येतं, जखम भरताना कडेची त्वचा सरकत मधे येते ना, ते हेच. बाकी वेळी पेशी शेजारणीला घट्ट चिकटून बसलेल्या असतात, ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन त्यांना धरून ठेवतं. कॅन्सरमधे बऱ्याचदा ही पकड सुटते, मग पेशी पुढच्या बाजूला पायासारखा फुगवटा काढते, आतले अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे तो पुढे ढकलतात, तो समोर चिकटतो आणि मागचा भाग ओढला जातो, असं करत ती सरपटते. वाटेत पडदा आडवा आला तर एन्झाइम सोडून तो विरघळवते. कधी एकटी जाते, कधी घोळका करून, आणि घोळका जास्त तग धरतो. रक्तवाहिनीत शिरली की मग चालायची गरज नाही, रक्तच नेतं.

पण रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरतात हो, फार थोड्या कुठेतरी रुजतात. कुठे रुजणार हेही अगदीच नशिबावर नसतं. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने 1889 मधे ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या 735 बायकांच्या नोंदी तपासून म्हटलं होतं की पेशी म्हणजे बी, आणि बी सगळीकडे पडलं तरी मानवेल त्याच जमिनीत उगवतं. ब्रेस्टच्या पेशींना हाड मानवतं. तिथे त्या वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतात, म्हणून सहा वर्षांनी. आत्याचं किंवा तुमचं काही चुकलं असं कृपा करून मनात आणू नका.

हाडात असला तरी तो ब्रेस्ट कॅन्सरच, त्यामुळे औषधंही त्याचीच चालतात. फक्त हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू (पेशींमधली प्रोटीनं, कोणतं औषध चालेल हे त्यांच्यावरून ठरतं) कधीकधी बदललेले असतात, तेव्हा मणक्यातल्या गाठीची बायोप्सी करून ते परत तपासायचे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.