वाचकांचे प्रश्न : घरातली हवा आणि सकाळच्या शिंका

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात एका जुन्या इमारतीत राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका येतात आणि पावसाळ्यात रात्री खोकलाही सुरू होतो. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगितली आहे. औषध चालू असेपर्यंत बरे वाटते. तिच्या पलंगामागची भिंत बाथरूमला लागून असल्यामुळे तिला दर पावसाळ्यात ओल येते आणि दिवाळीपूर्वी आम्ही ती रंगवून घेतो. सासूबाई संध्याकाळी धूप घालतात आणि डासांमुळे रात्री कॉइल लावावी लागते. एअर प्युरिफायर घ्यावा असे यजमानांचे म्हणणे आहे, तर शेजारच्या ताई घरात स्नेक प्लांट ठेवायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : प्युरिफायरचा विचार सध्या बाजूला ठेवावा आणि सुरुवात मुलीच्या अंथरुणापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. उठल्याबरोबर येणाऱ्या शिंकांचे कारण बहुतेक वेळा उशी-गादीतच असते. आपण ज्याला धुळीची ॲलर्जी म्हणतो, ती बहुधा धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्यांची असते. आपल्या त्वचेचे गळून पडणारे कण हे त्यांचे अन्न, आणि हवेतील ओलावा हेच त्यांचे पाणी. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर ते तग धरत नाहीत. पण खाडीकाठच्या नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ती ८० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे कापसाची जुनी गादी त्यांना फारच मानवते. ॲलर्जी प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे होते आणि मूल रात्रभर त्याच उशीत तोंड खुपसून झोपलेले असते.

म्हणून गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेनने पूर्ण बंद होणारी खोळ घालावी. चादर, अभ्रे आणि पांघरूण दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावे. थंड पाण्याने कपडा स्वच्छ दिसतो, पण माइट मरत नाहीत. गादीला ऊन दाखवण्याची आपली जुनी पद्धत उत्तमच आहे, कारण त्याने ओलावा जातो. मात्र साचलेली विष्ठा उन्हाने नाहीशी होत नाही, त्यामुळे गादी गच्चीवर झटकून मगच आत आणावी आणि ते काम मुलीसमोर करू नये. नुसती खोळ घालून फारसा फरक पडत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. धुणे, ओलावा कमी करणे आणि खोळ ही तिन्ही कामे एकत्र झाली तरच उपयोग होतो. पलंगावरची कापडी खेळणी एक-दोनच ठेवावीत आणि तीही धुता येण्याजोगी असावीत. मुलगी खोलीत असताना कोरडा झाडू मारू नये. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

आता भिंतीकडे वळू. ओल असलेल्या भिंतीला रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे आहे. पाणी आतून झिरपत असेपर्यंत नव्या रंगाचेही पोपडे सुटणार आणि त्यांच्या मागे बुरशी वाढत राहणार. तिचे बीजकण नाकात गेले की ॲलर्जी बळावते. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी येते की नळाच्या जोडातून, हे आधी प्लंबरकडून तपासून घ्यावे. वरच्या मजल्यावरून येत असेल, तर सोसायटीला लेखी कळवावे. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा. तोपर्यंत पलंग दुसऱ्या भिंतीकडे सरकवावा आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, कारण बुरशी सर्वांत आधी कपाटाच्या पाठीला धरते. आंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा. पावसाळ्यात ओले कपडे मुलीच्या खोलीत वाळत घालू नयेत. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत या एका सवयीचा उल्लेख पुन्हापुन्हा असतो.

कॉइल मात्र आजच बंद करावी. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजले गेले आहे. खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हा निर्धोक पर्याय आहे. धुपाबाबत सासूबाईंचे मन दुखावण्याची गरज नाही. देवापुढे त्यांनी समई लावावी, आणि धूप घालायचाच असेल, तर तो बाल्कनीत, आतले दार लावून घालावा. नातीच्या खोकल्याचे कारण समजावून सांगितले, तर बहुतेक आज्या स्वतःहूनच मार्ग काढतात.

स्नेक प्लांटची कीर्ती १९८९ च्या नासाच्या अभ्यासामुळे पसरली. तो प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत आणि काही रासायनिक वायूंवर झाला होता. धूळ किंवा बुरशीशी त्याचा संबंध नव्हता. खऱ्या घरात नेहमीच्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे २०१९ मधील एका आढाव्यात दिसून आले. झाड आवडीसाठी जरूर ठेवावे, पण मुलीच्या खोलीत नको, कारण कुंडीतल्या ओल्या मातीवरही बुरशी येते.

हे सर्व करूनही त्रास राहिला, तर प्युरिफायर घ्यावा. धूर, परागकण आणि बुरशीचे बीजकण तो चांगले पकडतो. माइटची विष्ठा मात्र जड असल्याने थोड्याच वेळात खाली बसते आणि यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. घेताना त्यात हेपा फिल्टर, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणारी गाळणी, आहे ना, हे पाहावे. १० बाय १२ फुटांच्या, साडेनऊ फूट उंच खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी यासाठी यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते किती स्वच्छ हवा देते याचे माप, ताशी निदान १६० घनमीटर असावा. ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नये, कारण ओझोनने श्वासनलिकेचा दाह वाढतो. रात्रीच्या खोकल्याबरोबर छातीत घरघर होत असेल किंवा खेळताना दम लागत असेल, तर दम्याची तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नये.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या फ्लॅटच्या एसीच्या कट्ट्यावर कबुतरांनी घरटी केली आहेत. वडिलांना काही महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. ही ॲलर्जी असेल का?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : याकडे साधी ॲलर्जी म्हणून पाहू नये. कबुतरांची विष्ठा आणि पिसे यांतील प्रथिने दीर्घकाळ श्वासावाटे आत जात राहिली, तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे तेथे कायमचे व्रण पडू शकतात. त्या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम ही त्याची लक्षणे आहेत. वडिलांना छातीरोगतज्ज्ञांकडे लवकर न्यावे आणि घरट्यांचा उल्लेख आवर्जून करावा, कारण विचारले नाही तर रुग्ण सहसा ते सांगत नाहीत. कट्टा वडिलांकडून साफ करवून घेऊ नये. जो साफ करील, त्याने एन-९५ मास्क लावून विष्ठा आधी पाण्याने पूर्ण भिजवावी. वाळलेली खरवडली तर तिची भुकटी थेट घरात येते. घरट्यात पिल्ले असतील, तर ती उडून जाईपर्यंत ती खिडकी बंद ठेवावी आणि मग लगेच जाळी बसवून घ्यावी.