९,००० रुपयांच्या वर उत्पन्न, म्हणून आई अवलंबित नाही?

पुण्यातील एका केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने विधवा आईचे नाव अवलंबित, म्हणजे आपल्यावर विसंबून असलेली व्यक्ती म्हणून सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्डावर घालण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये अर्ज केला. ‘मासिक उत्पन्न ९,००० रुपयांपेक्षा जास्त’ एवढ्या एका ओळीत तो मे महिन्यात फेटाळला गेला. त्याला आता दहा महिने झाले असून चार स्मरणपत्रांना उत्तर नाही. हा नकार योग्य आहे का आणि आता काय करावे, असे त्याने पत्रातून विचारले आहे. त्याला हे उत्तर.

तुमच्या कार्यालयाने नियम अर्धाच वाचला आहे. मर्यादा नुसती ९,००० रुपयांची नसून, प्रकरण विचारात घेतले त्या तारखेला ९,००० रुपयांवर होणारा महागाई भत्ता तीत मिळवावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये हा भत्ता ५५ टक्के, म्हणजे ४,९५० रुपये होता. म्हणून मर्यादा १३,९५० रुपये होते. आईंचे ईपीएसचे (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) निवृत्तिवेतन २,९००, मुदत ठेवीचे व्याज ४,१०० आणि साताऱ्याच्या घराचे भाडे ५,००० मिळून १२,००० होतात, तेव्हा उत्पन्नाच्या मुद्द्यावर नकार टिकणारा नाही. घर सामाईक असेल तर बहुधा आईंच्या हिश्श्याचेच भाडे धरले जाईल. कागद पाहिल्याशिवाय अधिक सांगत नाही. आई वर्षातून काही महिने साताऱ्यास राहतात, यावरून तुमच्याजवळच्या नेहमीच्या वास्तव्याची (तीही अट असते) शंका मात्र काढली जाऊ शकते.

खरी अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतली आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एका वर्षात केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात (सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणारे न्यायपीठ) अर्ज करावा लागतो, आणि स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे पाठवल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड प्रकरणात पूर्वीच स्पष्ट केले आहे. तुमच्या चारही पत्रांत महागाई भत्त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ एवढेच आहे. नियम बाजूने असताना सहानुभूती कशाला मागायची?

पहिल्या निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास मुदत त्यानंतर मोजावी, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मुदत मे महिन्यातील नकाराच्या तारखेपासूनच मोजा. तुमच्या हातात जेमतेम दोन महिने आहेत. या आठवड्यात विभागप्रमुखांना वरील हिशेब मांडून, बँकेचे व्याज प्रमाणपत्र, निवृत्तिवेतनाची नोंद असलेले पासबुक आणि भाडेकरार जोडून एकच निवेदन द्या व पोच घ्या. त्याच वेळी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात दाखल करावयाचा अर्ज वकिलाकडून तयार करून घ्या, आणि तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर तो दाखल करा. विलंबमाफी मिळू शकते, पण कारण पटवून द्यावे लागते, आणि तेथील तारखा पाहता त्या एका अर्जावरच वर्ष जाऊ शकते. तोवर आईंच्या औषधोपचाराची मूळ बिले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मागील खर्चाची प्रतिपूर्ती मिळेलच, असे मात्र आज सांगता येणार नाही.