छोटा सर्व्हर, हलका ब्लॉग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होतो, आता निवृत्त आहे. कारखाना कधीच बंद झाला, शेडही पाडली. आमच्या पाळ्या, लेथवरची कामं, कँटीन, संप यांबद्दल मी फेसबुकवर लिहीत असे, पण जुनं काही शोधायला गेलं की सापडत नाही. म्हणून भाच्याने एक जीबी रॅमचा क्लाउड सर्व्हर घेऊन दिला आणि त्यावर वर्डप्रेस टाकलं. ते अधूनमधून बंद पडतं, 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' असं दिसतं. सर्व्हर रीस्टार्ट केला की पुन्हा सुरू. आता भाचाही बंगळुरूला गेला. याहून हलकं काही आहे का, आणि ते मला स्वतःला बसवता येईल का?
— एक निवृत्त टर्नर, किसननगर, ठाणे

उत्तर : काका, नक्की जमेल. ड्रॉइंग वाचून जॉब काढणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही. इथेही एक माप तपासल्याशिवाय पुढचा कट घ्यायचा नाही, एवढंच पथ्य.

आधी दुखणं समजून घ्या, कारण त्यात तुमच्या भाच्याचं काही चुकलेलं नाही. वर्डप्रेस पान दाखवायचं म्हटलं की मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसकडून मागून घेतं. तो डेटाबेस, पानं जुळवणारी पीएचपी आणि ती ब्राउझरला पोचवणारा वेब सर्व्हर असे तिघे एक जीबीत कसेबसे मावतात. एखाद्या रात्री बॉटचे, म्हणजे आपोआप साइटी चाळणाऱ्या प्रोग्रॅमचे, फेरे वाढले की मेमरी संपते. मग सगळी यंत्रणा गोठू नये म्हणून लिनक्स सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारून टाकतं, आणि अशा सर्व्हरवर ती बहुधा डेटाबेसचीच असते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि त्याच ओळीत 'मायएसक्यूएलडी' असं लिहिलेलं सापडेल. ज्यांना वर्डप्रेसच हवं आहे त्यांनी एक-दोन जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, करावी. बहुतेक क्लाउड सर्व्हरवर ती आपली आपण करावी लागते. पण तुमचं काम म्हणजे मजकूर आणि थोडे फोटो. त्याला डेटाबेस लागतच नाही.

ब्लॉगसाठीच्या दुसऱ्या प्रणालींपैकी घोस्ट सुंदर आहे, पण त्यालाही किमान एक जीबी रॅम आणि मायएसक्यूएल ८ लागतं, म्हणजे तीच रड. ह्यूगो सगळ्यांत हलकं. मात्र त्यात पानं आपल्या संगणकावर तयार करून मग चढवावी लागतात. मोबाइलवरून दोन परिच्छेद लिहून टाकायचे तर अडचण होते. तुम्हाला मी ब्लुडिट सुचवीन. ते पीएचपीवर चालतं आणि लेख साध्या फाइलींमध्ये ठेवतं. प्रत्येक लेखाचा एक फोल्डर, त्यात 'इंडेक्स डॉट टीएक्सटी' नावाची फाइल, आणि ती उघडली की तुमचा मराठी मजकूर जसाच्या तसा समोर. उद्या ब्लुडिट बंद झालं तरी ती फाइल कुठल्याही संगणकावर वाचता येईल. मला हे वेगापेक्षा मोलाचं वाटतं. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली वागळे इस्टेटपासून झाली हे पुस्तकात मिळतं, पण तिथल्या रात्रपाळीत काय चालायचं हे तुमच्यासारख्यांनी लिहिलं तरच राहणार आहे.

आता कामाला लागू. सर्वांत आधी वर्डप्रेसच्या 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'मधून सगळे लेख उतरवून घ्या. त्या फाइलीत फोटो नसतात, म्हणून 'अपलोड्स' फोल्डर वेगळा उतरवा. दोन्ही घरच्या संगणकावर उघडून बघा आणि मगच कंपनीच्या पॅनेलवरून सर्व्हर 'रीबिल्ड' करा, म्हणजे पुसून नव्याने उभारा. त्यात उबुंटू २४.०४ हे लिनक्स निवडा; एप्रिल २०२४ची ही आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. रीबिल्डनंतर पहिल्यांदा लॉगिन करताना 'सर्व्हरची ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा येईल. आपणच तो नव्याने उभारला आहे, म्हणून संगणकातली जुनी नोंद काढून टाका आणि पुढे जा.

लॉगिन पासवर्डने ठेवू नका, एसएसएच की, म्हणजे तुमच्या संगणकात राहणारी किल्लीची फाइल, वापरा. सर्व्हर सुरू होऊन थोडा वेळ झाला की 'ऑथ डॉट लॉग' ही लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडून बघा : रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशा नावांनी कुठून कुठून पासवर्ड ठोकून पाहणाऱ्यांच्या ओळी एकाखाली एक लागलेल्या असतात. पासवर्ड बंद करताना एक खाच आहे. मुख्य फाइलीत तुम्ही 'नो' लिहिता, पण 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' या फोल्डरात क्लाउड-इनिटची (सर्व्हरची पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमची) '५०' आकड्याने सुरू होणारी फाइल 'येस' म्हणत असेल, तर आधी वाचली जाते तीच लागू होते. तिथेही बदला. आणि नव्या खिडकीतून लॉगिन होतंय याची खात्री होईपर्यंत जुनी खिडकी बंद करू नका. महाप्याला सर्व्हर सांभाळणारी आम्ही माणसं हा नियम कधीच मोडत नाही.

मग अपाचे हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि पीएचपीचे एमबीस्ट्रिंग, जीडी, एक्सएमएल हे भाग बसवा. ब्लुडिटची झिप साइटच्या फोल्डरात सोडवा आणि फोल्डरची मालकी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याला द्या, नाहीतर फोटो चढणार नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं, इथे थांबून वाचा. अपाचेचं 'रीराइट' मॉड्यूल सुरू करा. त्यानंतर 'अपाचे२ डॉट कॉन्फ' उघडा. 'व्हार डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरच्या चौकटीत 'अलाउओव्हरराइड नन' अशी ओळ आहे, उबुंटू ती तशीच देतं. 'नन'च्या जागी 'ऑल' करा आणि अपाचे रीस्टार्ट करा. हे राहिलं तर मुखपृष्ठ छान उघडतं आणि आतला कुठलाही लेख उघडला की '४०४', म्हणजे 'पान सापडलं नाही', येतं. लोक डोकं धरून बसतात. पण त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही : ब्लुडिटच्या 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइलीतच लेखांच्या फोल्डरला बाहेरून कुलूप घालणारी ओळ असते, आणि 'नन' असताना अपाचे ती फाइल वाचतच नाही. म्हणजे अर्धवट लिहिलेला, कोणाचं नाव ठेवायचं की काढायचं हे अजून न ठरलेला लेखही पत्ता कळला तर कोणी वाचू शकेल. तुम्ही संपाबद्दल लिहिताय, सहकाऱ्यांबद्दल लिहिताय, म्हणून हे तपासाच. खाली सांगितल्याप्रमाणे ब्लॉग तयार झाला की एका लेखाच्या 'इंडेक्स डॉट टीएक्सटी'चा पूर्ण पत्ता (साइटचा पत्ता, मग 'बीएल-कंटेंट', 'पेजेस', लेखाचा फोल्डर आणि फाइल) ब्राउझरमध्ये टाका. '४०४' आलं तर कुलूप लागलं. मजकूर दिसला तर आधी हे दुरुस्त करा, मगच पुढे लिहा.

त्यानंतर ब्राउझरमध्ये आपला पत्ता उघडून अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठरवा, की ब्लॉग तयार. वर्डप्रेसमधले लेख मात्र एकेक करून हातानेच आणा. कंटाळवाणं वाटेल, पण त्या निमित्ताने सगळं एकदा वाचून होईल.

बॅकअपसाठी 'बीएल-कंटेंट' हा एकच फोल्डर पुरतो. लेख, फोटो, सेटिंग सगळं त्यात आहे. नवं काही लिहिलं की तो घरी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. कंपनीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे त्यांच्याकडेच ठेवलेल्या सर्व्हरच्या प्रतीवर, विसंबू नका, कारण खातं बंद झालं तर स्नॅपशॉटही जातो. आणि खातं बंद होण्याचं नेहमीचं कारण तांत्रिक नसतं, ते असतं कार्ड. आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, आणि परदेशी कंपन्यांची बिलं अनेक कार्डांवर अडू लागली. तुमचा सर्व्हर भाच्याच्या कार्डावर असेल तर अडल्याचा ईमेल त्याला जाणार, तुम्हाला नाही. दोघांनी फोनवर बसून डोमेन तरी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर करून घ्या. सर्व्हर गेला तर बॅकअपवरून दुसरा उभा करता येतो. डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं तर लोकांना माहीत असलेला तुमचा पत्ताच जातो.

पुढे कधी नवा सर्व्हर घेताना विभाग विचारतील तेव्हा 'मुंबई' असेल तर तोच घ्या. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसीच्या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. तुमच्या ओळखीतलं कोणी तिकडच्या कारखान्यांत होतं का? असेल तर त्यांच्याकडूनही लिहून घ्या.

प्रश्न : डोमेन घेतलं, सर्व्हर सुरू आहे, आयपी टाकला की पान दिसतं. पण एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट काही केल्या मिळत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर आता 'मर्यादा ओलांडली' म्हणतं.
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : आधी एक तास थांब. एका नावासाठी तासात पाच वेळा पडताळणी फसली की ते दार तेवढ्यापुरतं बंद करतात. पुढचे प्रयत्न 'ड्राय रन'ने, म्हणजे नुसती चाचणी म्हणून, कर, ते या मर्यादेत धरले जात नाहीत.

तेवढ्या वेळात डोमेनच्या नोंदी बघ. 'ए' रेकॉर्ड, म्हणजे नावाला आयपी जोडणारी नोंद, एकच हवा आणि त्यात तुझ्या सर्व्हरचा आयपी हवा. डोमेन विकणारे सुरुवातीला स्वतःच्या जाहिरातीच्या पानाचा 'ए' रेकॉर्ड घालून ठेवतात, तो अनेकदा शेजारीच राहिलेला असतो. 'चार वेळा ए' असा रेकॉर्ड असेल तर तो आयपीव्ही६चा. पडताळणी आधी त्याच वाटेने जाते, आणि तो भलतीकडे दाखवत असला तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. सर्व्हरवर आयपीव्ही६ चालू नसेल तर तो काढून टाक.

पोर्ट ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीचा पोर्ट, उघडा लागतो. तुझं पान आयपीवर दिसतंय म्हणजे तो उघडा आहे, पण पुढे एचटीटीपीएसच्या ४४३साठी लक्षात ठेव की फायरवॉल दोन असतात : एक उबुंटूमधली, दुसरी कंपनीच्या पॅनेलवरची. दोन्हीकडे उघडावा लागतो. आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर ८० बंद करू नकोस. ते ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो, तेव्हाही हाच पोर्ट लागतो.

प्रश्न : रानभाज्यांवर माझा ब्लॉग आहे, ब्लुडिटवरच. शीर्षक मराठीत दिलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवताना टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ होते. लोकांना वाटतं व्हायरस आहे.
— एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, ती माळ निरुपद्रवी आहे, पण लोकांची शंका रास्त आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षर-लेखनपद्धतीत तीन बाइट घेतं, आणि वेबच्या पत्त्यात एकेक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. 'शेवळाची भाजी' यात अकरा चिन्हं आहेत. मधल्या जोडरेषेसकट पत्ता झाला शंभर अक्षरांचा.

शीर्षक मराठीतच ठेवा, तुमचा ब्लॉग त्यासाठीच तर आहे. फक्त लेखाच्या सेटिंगमध्ये यूआरएलचा रकाना असतो, तिथे तेच शब्द रोमन लिपीत, मध्ये जोडरेषा देऊन टाका. त्यासोबत थीमच्या फाइलीत पहिल्याच ओळींमध्ये एचटीएमएलची भाषा 'ईएन' दिलेली असेल तर ती 'एमआर' करा. मराठी वळणाची सोय असलेल्या फाँटमध्ये मग ल आणि श आपल्या पुस्तकांतल्यासारखे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. शोधयंत्रांनी पान मराठी म्हणून ओळखायलाही मदत होते.

जे लेख लोकांनी आधीच एकमेकांना पाठवले आहेत त्यांचे पत्ते बदलू नका, जुन्या लिंक तुटतील. टाकळा, भारंगी, कंटोळी यांची नवी पानं कराल त्यांना मात्र पहिल्या दिवसापासून छोटे पत्ते द्या.