घड्याळांचा छंद मंदावतो तेव्हा

यांत्रिक घड्याळांच्या संग्रहाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत. तिन्ही पत्रांचे सूत्र एकच आहे: हौस होती, ती ओसरली, आता पुढे काय करावे?

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, वय बावन्न. वडिलांचे फेवर-ल्युबाचे चावीचे घड्याळ माझ्याकडे आले आणि तेथून हा छंद लागला. पुढे ओमेगा स्पीडमास्टर, जेगर-लकूल्त्रचे रिव्हर्सो आणि झेनिथचे एल प्रिमेरो धरून दहा-बारा घड्याळे जमली. शेवटचे पोलादी घड्याळ मिळवण्यासाठी विक्रेत्याच्या प्रतीक्षायादीत काही वर्षे नाव होते. ते हातात आले त्याच आठवड्यात मी त्याचा बाजारभाव शोधत बसलो होतो. पुढे भाव उतरले आणि माझे मनही उतरले. आता मनगटावर स्मार्टवॉच असते आणि सगळी घड्याळे लॉकरमध्ये बंद पडून आहेत. ती विकून मोकळे व्हावे, की हा उत्साह परत येऊ शकतो?

उत्तर : आपल्या छंदाची जागा हळूहळू खरेदीने घेतली, असे मला आपले पत्र वाचून वाटते, आणि हे केवळ आपल्याच बाबतीत घडलेले नाही. 2021 मध्ये पाटेक फिलिपने नॉटिलस मालिकेतील 5711 हे घड्याळ बंद करत असल्याचे जाहीर केले, त्या सुमारास पोलादी स्पोर्ट्स घड्याळांचे दुय्यम बाजारातील, म्हणजे पुनर्विक्रीचे, भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले होते. 2022 च्या वसंत ऋतूनंतर ते घसरू लागले. त्या काळात संग्रह करणाऱ्यांचा बहुतेक वेळ कोणाचे नाव यादीत कितवे आहे आणि कोणते घड्याळ किती चढले याच चर्चेत गेला. ज्याची नजर अशी भावाकडे वळलेली असते त्याला भाव उतरताच संग्रहच फिका वाटू लागतो, जरी पेटीतल्या घड्याळांचा एक स्क्रूदेखील बदललेला नसला तरी.

म्हणून सरसकट विक्रीचा निर्णय आज घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचबरोबर वर्षभर नवे काहीही विकत घेऊ नये. लॉकरमधून तीनच घड्याळे घरी आणावीत आणि त्यांत वडिलांचे घड्याळ असावेच. ती बराच काळ बंद असतील तर आतील तेल सुकलेले असण्याची शक्यता मोठी आहे. घड्याळ न वापरल्याने ते नवे राहते हा समज चुकीचा आहे. तेव्हा आधी विश्वासू कारागिराकडून सर्व्हिसिंग करून घ्यावे आणि शक्य असल्यास मागचे झाकण उघडलेले असताना त्याच्या शेजारी बसण्याची परवानगी मागावी. आपली घड्याळे आपण पुष्कळ वर्षे वरून पाहिलीत, आतून किती वेळा पाहिलीत?

आपल्या पेटीत जे आहे ते किती समृद्ध आहे, हे मला येथे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. स्पीडमास्टर 1957 मध्ये बाजारात आले ते मोटार-शर्यतींची वेळ मोजण्यासाठी. 1965 मध्ये नासाने कठोर चाचण्यांनंतर ते अंतराळवीरांसाठी मान्य केले आणि जुलै 1969 मध्ये बझ ऑल्ड्रिन यांच्या मनगटावरून ते चंद्राच्या पृष्ठभागावर पोहोचले. पुढच्याच वर्षी अपोलो 13 यानात बिघाड झाला, तेव्हा परतीचा मार्ग दुरुस्त करण्यासाठी इंजिन 14 सेकंद चालवायचे होते आणि ते सेकंद याच चावीच्या घड्याळावर मोजले गेले.

रिव्हर्सोचा जन्म तर आपल्या भूमीशी जोडलेला आहे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. ती तक्रार सेझार द त्रे या व्यापाऱ्याच्या कानावर आली आणि तिच्यातून चौकटीत सरकवून उलटे करता येणाऱ्या केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरील आवरणाची, कल्पना निघाली, जिचे पेटंट 1931 मध्ये नोंदवले गेले. आपले रिव्हर्सो उलटे करताना बोटांना जी अलगद सरक जाणवते, ती मूळची या गरजेतून आलेली आहे.

आणि एल प्रिमेरो! माझ्या मते आपल्या संग्रहातील सर्वांत हृद्य कथा याच मशीनची, म्हणजे घड्याळाच्या आतील यंत्रणेची, आहे. जानेवारी 1969 मध्ये ते जाहीर झाले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला टोकियोत सेईकोने अॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. सेलवर चालणाऱ्या घड्याळांपुढे स्वित्झर्लंडचा हा उद्योग इतका कोसळला, की 1970 च्या सुमारास त्यात असलेले जवळपास नव्वद हजार रोजगार पुढच्या पंधराएक वर्षांत साधारण एक तृतीयांशावर आले. 1975 मध्ये झेनिथच्या तत्कालीन अमेरिकी मालकांनी यांत्रिक मशीनचे उत्पादन थांबवण्याचा आणि त्याची अवजारे मोडीत काढण्याचा आदेश दिला. ल लोक्ल येथील कारखान्यातील शार्ल व्हेर्मो या कारागिराने तो मानला नाही. त्याने साचे, अवजारे आणि तांत्रिक नोंदी माळ्यावर नेऊन लपवल्या आणि कोठे काय ठेवले याची टिपणे ठेवली. 1980 च्या दशकात यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा त्याच सामग्रीतून हे मशीन परत बनू लागले, आणि 1988 मध्ये रोलेक्सनेही आपल्या डेटोना या घड्याळासाठी त्याचाच आधार घेतला. असे मशीन जवळ असताना ते लॉकरमध्ये बंद ठेवावे, हे मला खरोखर पटत नाही.

कथा ऐकून उमेद वाढते खरी, परंतु ती टिकवण्यासाठी हाताला काम हवे. त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. महिनाभर एकच चावीचे घड्याळ वापरावे, रोज सकाळी ठरावीक वेळी त्याला पूर्ण चावी द्यावी आणि ते मोबाइलवरील वेळेपेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे आहे हे वहीत नोंदवावे. पहिला आठवडा ते रात्री डायल वर करून ठेवावे, दुसरा आठवडा चावी वर करून आणि तिसरा आठवडा चावी खाली करून. तिन्ही आठवड्यांचे आकडे बहुधा वेगळे येतील. घड्याळ आडवे असताना बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झोके घेऊन वेळ मोजणारे चाक, आपल्या आसाच्या बारीक टोकावर फिरते आणि उभे असताना तोच आस कडेने टेकतो, त्यामुळे घर्षण वाढते आणि झोका लहान होतो. शिवाय चाकाचे किंवा त्याला झोका देणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे (हेअरस्प्रिंगचे) वजन किंचित जरी एका बाजूला असले तरी उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षण तो दोष उघडा पाडते. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी 1801 मध्ये तुर्बियाँचे, म्हणजे बॅलन्स व्हील सतत फिरत्या पिंजऱ्यात बसवणाऱ्या यंत्रणेचे, पेटंट घेतले ते याच अडचणीवर उपाय म्हणून, कारण त्या काळची खिशातील घड्याळे दिवसभर उभीच असत. आपल्या वहीतील चार-पाच सेकंदांचा फरक पाहताना दोनशे वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आपल्यासमोर प्रत्यक्ष उभा राहील, आणि आपल्या घड्याळाला रात्री कसे ठेवले म्हणजे दिवसाची चूक भरून निघते हेही आपोआप कळेल.

या नोंदी ठेवताना अपेक्षा रास्त ठेवाव्यात. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटर (अतिशय अचूक घड्याळ) म्हणून प्रमाणपत्र देताना मशीनचा सरासरी दैनिक फरक उणे 4 ते अधिक 6 सेकंदांच्या मर्यादेत असावा असे पाहते. दिवसाचे 86,400 सेकंद असतात हे लक्षात घेतले, म्हणजे सेलाविना, निव्वळ कमानीच्या ताणावर आणि दातेरी चाकांवर साधलेली ही अचूकता किती विलक्षण आहे हे कळते. मात्र घड्याळ अचानक रोज काही मिनिटे पुढे जाऊ लागले तर घाबरू नये. स्पीकर किंवा मोबाइलच्या झाकणातील चुंबकामुळे हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटण्याचा तो परिणाम असू शकतो आणि कारागीर ते चुंबकत्व थोड्या वेळात काढून देतो.

स्मार्टवॉचविषयी माझे काही वावगे मत नाही. व्यायामाला आणि झोपेच्या नोंदीला ते खुशाल वापरावे. फक्त दिवसातील काही तास मनगट आपल्या जुन्या सोबत्यांसाठी राखावे. वर्षभरानंतर उरलेली घड्याळे एकेक करून हातात घ्यावीत. जे पाहून केवळ किंमत आठवते ते विकण्यात मला काहीच गैर दिसत नाही, आणि प्रतीक्षायादीतून आलेले ते पोलादी घड्याळ त्यांत असले तरी खंत करू नये. सहा घड्याळांचा संग्रह बारांच्या संग्रहापेक्षा अधिक जिव्हाळ्याचा असू शकतो, आणि सर्व्हिसिंगचा हजारोंच्या घरात जाणारा खर्च कमी होतो हा लाभ वेगळाच.

प्रश्न : मी नाशिकमध्ये शिक्षिका आहे. पगारातून बाजूला काढलेल्या पैशांतून एका विक्रेत्याकडून जुने स्विस घड्याळ घेतले. पुढे एका जाणकारांनी सांगितले की त्याची डायल नव्याने रंगवलेली आहे आणि काटेही मूळचे नाहीत. तेव्हापासून या छंदावरचे मनच उडाले. पुन्हा सुरुवात करावी का?

उत्तर : आवर्जून करावी. आपली फसगत झाली याचे मला वाईट वाटते, कारण अशा अनुभवाने अनेक मनःपूर्वक शिकणारी माणसे या छंदापासून दूर गेली आहेत. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि एका मराठी वाचकाला ते नाव बोचल्याशिवाय राहत नाही. या शहराचे घड्याळांशी असलेले खरे नाते फार मानाचे आहे. फेवर-ल्युबाचा मुंबईतील व्यापार 1865 पासूनचा. 1886 मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे याच शहरातून विकली गेली आणि त्यांतील ‘सोवार’ लष्करातील जवानांच्या मनगटावर वर्षानुवर्षे दिसत असे.

पुढील खरेदीआधी डोळा तयार करावा. एक साधे भिंग पुरेसे आहे. डायलवरील अक्षरांच्या कडा जाड किंवा पसरट दिसतात का, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात का, केस झिजलेली असताना डायल मात्र भडक आणि कोरी दिसते का, आणि काट्यांवरील चकाकणारा रंग व डायलवरील रंग एकाच वयाचे वाटतात का, हे पाहावे. विक्रेता मशीनचे स्पष्ट छायाचित्र देण्यास तयार नसेल तर तो व्यवहार तेथेच सोडून द्यावा. किमतीपेक्षा हा नकार अधिक काही सांगून जातो.

नव्या सुरुवातीसाठी मी एचएमटीचे नाव घेईन. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून त्यांची घड्याळे बनू लागली आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. जनता किंवा पायलट हे चावीचे घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर अजून सहज भेटतात. अर्थात एचएमटीच्याही डायली रंगवल्या जातात, म्हणून वरील कसोट्या येथेही लावाव्यातच. शक्य असल्यास नातेवाइकांच्या कपाटांतच आधी विचारून पाहावे. ज्याचा पहिला मालक आपल्याला माहीत आहे, अशा घड्याळाच्या अस्सलपणाबद्दल शंका फारशी उरत नाही. आज जवळ असलेले घड्याळ मात्र फेकू नये. त्याचे मशीन मूळचे आणि चालू असेल तर भिंगाखाली शिकण्यासाठी ते उत्तम आहे.

प्रश्न : माझी चार ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी, घड्याळे सतत बंद पडलेली असतात. प्रत्येक वेळी वेळ आणि तारीख लावण्याच्या कंटाळ्याने ती घालणेच सुटले. ती फिरती ठेवणारी वाइंडरची पेटी घ्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घड्याळात शाश्वत दिनदर्शिका असेल, म्हणजे महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष ते स्वतः सांभाळत असेल, तर पेटीचा उपयोग आहे, कारण ते पुन्हा लावणे किचकट असते. साध्या तारखेच्या घड्याळांना तिची गरज नाही. न घालता अखंड चालवल्याने भागांची झीज मात्र होत राहते. कंटाळा टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे रोज घड्याळ न बदलता एकच घड्याळ आठवडाभर घालणे. रविवारी दुसरे काढावे, त्याला थोडी चावी द्यावी आणि मग वेळ लावावी. तारीख बदलताना काटे रात्री नऊ ते पहाटे तीन या दरम्यान नाहीत याची खात्री करून घ्यावी, कारण त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात आणि घाईने फिरवल्यास तुटू शकतात. त्यासाठी काटे आधी सहाच्या आसपास आणावेत, तारीख आदल्या दिवसाची लावावी आणि मग काटे पुढे फिरवत आजच्या वेळेपर्यंत न्यावेत.