वाळवंटातले हिरवे गोल

प्रश्न : भाऊ रियाधला नोकरीला आहे. परवा मोबाइलवर मॅप बघत बघत वर सरकलो तर जॉर्डनच्या बॉर्डरकडे वाळूत हिरवे गोल दिसले, पापड वाळत घातल्यासारखे. तिथे नदी नाही, पाऊस नाही, मग हे पिकतं कशावर? समुद्राचं पाणी गोडं करून देतात का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही हो, ते पाणी शहरांना प्यायला, गव्हाला घालणं परवडणारच नाही. तुम्ही बघितलंत ते बहुतेक वादी अस-सिरहान, सौदीच्या उत्तरेचं खोरं. गोलाच्या मधोमध बोअर असते, काही ठिकाणी किलोमीटरभर खोल, आणि चाकांवरचा लांबलचक पाइप तिच्याभोवती फिरत फवारे मारतो, म्हणून शेत गोल. पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं, वालुकाश्मात मुरलेलं. आता बहुतेक भागात वर्षाला १०० मिलिमीटरही पडत नाही, त्यामुळे आपली बोअर पावसाळ्यात भरते तसलं तिथे काही नाही, उपसलं की गेलं.

१९८०च्या दशकात सौदी सरकारने गव्हाला जागतिक बाजाराच्या कितीतरी पट भाव दिला, १९९२पर्यंत पीक ४० लाख टनांवर गेलं, चक्क एक्सपोर्ट व्हायचं! आता किलोला कमीत कमी हजार लिटर पाणी धरा, तरी एका वर्षाचं होतं १४० टीएमसी, आणि तुमचं उजनी काठोकाठ भरलं तरी सव्वाशेच्या आत. रियाधच्या दक्षिणेला लैला गावाजवळ झऱ्यांवरची तळी होती, लोक पोहायला जायचे, ती ९०च्या दशकात आटली. मला विचाराल तर घोळ बोअरचा नाही, भावाचा आहे, सरकार ज्याला भाव देईल ते शेतकरी लावणारच, गहू काय नि ऊस काय.

शेवटी २००८मध्ये ठरलं की गव्हाची सरकारी खरेदी कमी करत २०१६ला बंद करायची. पण मग बरेच जण डेअरीसाठी लसूणघासाकडे वळले, त्याला तर बाराही महिने पाणी! त्यावरही निर्बंध आले. तोवर अल्माराई या डेअरी कंपनीने २०१४मध्येच अमेरिकेत अ‍ॅरिझोनात जमीन घेतली होती, म्हणजे परत वाळवंटच, परत बोअरच, आणि चारा जहाजाने सौदीला. गवगवा झाल्यावर २०२३मध्ये तिथल्या राज्य सरकारने बटलर व्हॅलीतल्या सरकारी जमिनीची लीज संपवायला घेतली, पण कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचा उपसा त्याने काही थांबला नाही.